बोटं नव्हे, तारा बघा : बेसचा सेटअप घरच्या घरी

पनवेलमध्ये पाऊस असा लागलाय की परवा गॅलरीत टाकलेला टॉवेल आजही ओलाच आहे. आणि दर पावसाळ्यात येतो तो प्रश्न यंदाही आलाच : 'दादा, बेस वाजवताना बोटं फार दुखतात. बेस माझ्यासाठी नाहीच का?'

हा प्रश्न मीही स्वतःला विचारलाय. पहिला बेस आठ महिने दात-ओठ खाऊन वाजवला, मग कंटाळून विकायला काढला. घ्यायला आलेल्या मुलाने दोन सूर वाजवले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'अरे, तारा बघ किती वर आहेत!' मोजलं तर साडेचार मिलिमीटर. वीस मिनिटांत त्याने तारा खाली आणून दिल्या. बेस मी विकला नाही. बोटं तीच होती.

तर आज दोन गोष्टी. एक म्हणजे ॲक्शन, तार फ्रेटपासून किती उंच आहे ते. दुसरी रिलीफ, म्हणजे नेकला दिलेला हलकासा बाक.

आता तुम्ही म्हणाल, बाक कशाला? नेक सरळच बरी ना? लहानपणी दोरीच्या उड्या मारल्यात ना? दोन्ही टोकं हातात, पण दोरी सगळ्यात जास्त फिरते ती मधे. तारेचंही तसंच. मधे तिला हलायला जागा हवी, नाहीतर ती फ्रेटवर आपटते आणि खरखर येते. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतात, तिथेही खेळ केसाएवढ्या अंतराचाच. फरक इतकाच की तिथे ती झणझण मुद्दाम आणायची असते, इथे ती टाळायची.

चार तारा मिळून नेकला सत्तर-ऐंशी किलोच्या आसपास ओढत असतात. त्या ओढीला तोंड द्यायला नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं आणि नेक हलते. कुणाची पुढे वाकते, कुणाची मागे. म्हणून अंदाजपंचे काही करायचं नाही, आधी मोजायचं.

मोजायला लागतं फिलर गेज. म्युझिकच्या दुकानात शोधत बसू नका. बाइकचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तेच हे पात्यांचं गेज. कळंबोलीत ऑटो स्पेअर्सच्या दुकानात विचारा. जोडीला अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलपट्टी, कॅपो आणि बेसला बसणारी ॲलन की.

क्रम लक्षात ठेवा, तो चुकला की सगळं परत करावं लागतं.

एक, तुम्ही नेहमी वाजवता त्याच तारा लावा आणि पूर्ण सुरात आणा. ढिल्या तारांवर मोजलेलं सगळं खोटं.

दोन, रिलीफ. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता ती तारच तुमची सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यातली फट मोजा. फिंगरबोर्डची गोलाई ९.५ ते १२ इंच असेल, तर फेंडर कंपनी सांगते ०.३ मिलिमीटर. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, बस्स. परत सुरात आणा, परत मोजा. नट अडला तर जोर लावू नका, सरळ कारागिराकडे जा. तुटलेला ट्रस रॉड बेसपेक्षा महाग पडू शकतो.

तीन, ॲक्शन. कॅपो तसाच ठेवून १७व्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. त्याच गोलाईला ई तारेला साधारण २.४ आणि जी तारेला २ मिलिमीटर. उंची ब्रिजवरच्या सॅडलच्या छोट्या स्क्रूने बदला. जोरात वाजवत असाल तर थोडी जास्त ठेवा, हा नियम नाही, सुरुवात आहे.

ॲक्शन आधी आणि रिलीफ नंतर का नाही? कारण रॉड फिरवला की ॲक्शनही आपोआप बदलते.

खरखर कुठे येते तेही ऐका. पहिल्या चार-पाच फ्रेटवर आली तर बहुधा रिलीफ कमी. बाराव्याच्या पुढे आली तर बहुधा तारा फार खाली. एकाच फ्रेटवर आली तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची खाच खोल झालीय. शेवटचे दोन प्रकार घरी करू नका.

आणि हो, आकडे वहीत तारखेसकट लिहून ठेवा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत मोजा, फरक दिसेल.

वाजवणं सोडायचं की नाही, ते आठवड्याने ठरवा. आज रात्री फक्त पट्टी घ्या आणि मोजा. पुढच्या भागात इंटोनेशन. भेटूया!