दोन भूतकाळांचं गाव

२९ जुलै १७७३. संत मार्थाच्या सणाच्या दिवशी मध्य अमेरिकेतल्या स्पॅनिश सत्तेची राजधानी भूकंपाने हादरली. घुमट, कमानी, मठ धडाधड कोसळले. सरकारने राजधानीच हलवायचं ठरवलं आणि १७७६ मध्ये नव्या जागी कारभार सुरू झाला. ते आजचं ग्वातेमाला शहर. मागे उरलं ते जुनं ग्वातेमाला, म्हणजे आन्तिग्वा ग्वातेमाला. (विव्ह रिचर्ड्सचं अँटिग्वा बेट वेगळं, ते कॅरिबियन समुद्रात.) हुकूम आला तरी कित्येक माणसं इथून हलली नाहीत. सत्ता आणि पैसा मात्र निघून गेला, त्यामुळे पडझड झालेल्या कितीतरी वास्तू तशाच राहिल्या. १९७९ पासून हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आज इथे जगभरातून माणसं स्पॅनिश शिकायला येतात. पद्धत साधी आहे. एक शिक्षक, एक विद्यार्थी, समोरासमोर दोन खुर्च्या आणि सकाळभर नुसतं बोलणं. राहायचं गावातल्याच एखाद्या कुटुंबात. रविवारी शाळा बंद, आणि बऱ्याच घरांत रविवारचं जेवणही मिळत नाही. म्हणजे बाहेर पडावंच लागतं. माझ्या मते आठवड्यातला सर्वांत मोठा धडा याच दिवशी होतो.

इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारा हमखास अडतो तो दोन भूतकाळांपाशी. एक, घडून संपलेल्या गोष्टीचा. दुसरा, जे नेहमी घडत असे त्याचा. इंग्रजीत या दोन्ही कामांना बहुतेक वेळा एकच रूप चालतं, मराठीत नाही. ‘त्या गेल्या’ आणि ‘त्या जायच्या’ यांतला फरक आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून कळतो. आणि हे गाव या दोन भूतकाळांचंच बनलेलं आहे! कापुचिनास मठात गोल अंगणाभोवती १८ कोठड्या आहेत. दारात उभं राहून बोलून पाहा: ‘लास मोन्हास बिबियान आकी’, इथे जोगिणी राहायच्या. मग वर उघडं आभाळ दिसतं तिथे जाऊन म्हणा: ‘एल तेचो से कायो’, छत कोसळलं. राहणं वर्षानुवर्षं चाललं होतं, कोसळणं एकदाच झालं. व्याकरणाच्या पुस्तकात पानंच्या पानं खाणारा हा भेद इथे भिंतीकडे नुसतं बघून कळतो.

सांता कातालिनाची पिवळी कमान तर सगळीच ‘जायच्या’च्या काळातली. मठातल्या जोगिणींना रस्ता ओलांडायचा असे, पण लोकांच्या दृष्टीस पडायचं नसे. म्हणून रस्त्यावरून ही कमान उभारली आणि त्या तिच्या आतून पलीकडे जायच्या. कमानीतून दक्षिणेला पाहिलं की ३,७६० मीटर उंचीचा आग्वा ज्वालामुखी नेमका चौकटीत बसतो. १५४१ मध्ये याच डोंगरावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने आधीची राजधानी गाडली होती. पश्चिमेकडचा फुएगो अजून जिवंत आहे, त्याच्या माथ्यावरून वारंवार राखेचे लोट उठतात. पुढे ला मेर्सेद चर्च लागतं, बसकं, जाड भिंतींचं. ते १७६७ मध्ये पुरं झालं आणि सहाच वर्षांनी आलेल्या त्या भूकंपात टिकलं. भूकंपाच्या देशात कसं बांधावं हे त्या गवंड्यांना पक्कं ठाऊक होतं.

युनियन बागेत १८५३ चं धुणं धुण्याचं सार्वजनिक ठिकाण आहे, मधे पाण्याची टाकी आणि बाजूंनी दगडी डोणी. तिथे कुणाशी बोलायला थांबलात तर मराठी पुन्हा मदतीला येते. ‘मी कारंजं शोधतो’, पण ‘मी बाईंना शोधतो’. वस्तूला प्रत्यय नाही, माणसाला ‘ना’. स्पॅनिशमध्येही तसंच: ‘बुस्को ला फुएन्ते’, पण ‘बुस्को आ मी माएस्त्रा’. तो मधला ‘आ’ माणसासाठी आहे. हजारो मैल दूरच्या दोन भाषांनी माणूस आणि वस्तू यांच्यात सारखीच रेघ ओढावी, याचं मला अजून नवल वाटतं.

बाजारात आणखी एक गंमत. ‘मे गुस्ता’ची रचना थेट ‘मला आवडतं’सारखी आहे, आवडणारी वस्तूच कर्ता. आणि आवडावं असं समोर काय आहे? टोमॅटो, मिरची, पेरू, पपई, चिकू. ही सगळी मुळात अमेरिका खंडातली. आपल्या देवळाच्या आवारातला पांढरा चाफाही इकडचाच. आपण परक्या गावी आलो नसून आपल्या परसातल्या झाडांच्या माहेरी आलो आहोत.

स्पॅनिश शिकत असाल आणि कधी आन्तिग्वाला जाणं झालं, तर रविवारची सहल आधीच ठरवून टाकू नका. चौकातल्या बाकावर बसा आणि शेजारच्या आजोबांना एवढंच विचारा: ‘के आबिया आकी आन्तेस?’ पूर्वी इथे काय असायचं? उत्तरात दोन्ही भूतकाळ ऐकायला मिळतील.