जिभेखालची गोळी आणि गाठीतला वायू

आमच्या अब्बांच्या सदऱ्याच्या खिशात दोन गोष्टी कायम असायच्या. एक शाईचं पेन आणि दुसरी सॉर्बिट्रेटच्या गोळ्यांची पट्टी. बाजारातून पिशवी घेऊन घराचा चढ चढताना छातीत कळ आली, की ते कुणाच्या तरी ओट्यावर टेकायचे, एक गोळी जिभेखाली ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. थोड्या वेळानं चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. मग उठून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, मासळीचे भाव सांगू लागायचे. त्या एवढ्याशा गोळीत असं काय असतं, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. तो पडला गेल्या वर्षी, माझ्या थोरल्या बहिणीमुळे.

आपाला स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी सुरू झाली. एके दिवशी तिनं वर्तमानपत्राचं एक कात्रण माझ्यापुढे ठेवलं. कर्करोगाच्या गाठीत वायू सोडणारे सूक्ष्म कण शास्त्रज्ञांनी तयार केले, अशी ती बातमी होती. "तू लिहिणारा माणूस. हे काय आहे ते मला समजावून सांग. आणि खरं ते सांग," ती म्हणाली. आता मी बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. रसायनशास्त्राशी माझी फारकत शाळा सुटली तेव्हाच झालेली. पण थोरल्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? वाचत गेलो, ओळखीच्या डॉक्टरांचं डोकं खात गेलो. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं आश्चर्य असं, की अब्बांच्या गोळीतून शरीरात जो वायू तयार व्हायचा, तोच या कात्रणातला वायू. त्याचं नाव नायट्रिक ऑक्साइड. नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू, बस्स, एवढाच त्याचा संसार. दातांचे डॉक्टर वापरतात तो हसवणारा वायू वेगळा. तो नायट्रस ऑक्साइड. आपला हा नायट्रिक ऑक्साइड मोटारींच्या धुरातही असतो, आणि बराच काळ त्याची ओळख हवा बिघडवणारा वायू एवढीच होती.

त्याची औषधी कहाणी मात्र स्फोटकांच्या कारखान्यातून सुरू होते. 1847 साली आस्कानिओ सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं नायट्रोग्लिसरीन तयार केलं. आल्फ्रेड नोबेलनं पुढे त्यापासून डायनामाइट बनवलं आणि अमाप पैसा मिळवला. या कारखान्यांतल्या कामगारांचा एक विचित्र अनुभव होता. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं, की डोकं ठणकायचं. दोन-तीन दिवसांत शरीराला सवय होऊन ते थांबायचं. रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे ही डोकेदुखी होत असे. 1879 साली लंडनच्या विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीन छातीच्या दुखण्यावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे खुद्द नोबेलला हृदयविकार जडला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला हेच औषध लिहून दिलं. मृत्यूच्या दीडेक महिना आधी, 1896च्या ऑक्टोबरमध्ये, त्यानं मित्राला पत्र लिहून या दैवगतीची थट्टा केली आहे. लोक घाबरू नयेत म्हणून डॉक्टर मंडळी या औषधाला ट्रायनायट्रिन म्हणत, हेही त्यानं त्यात नमूद केलंय.

औषध लागू पडत होतं, पण का, ते शंभर वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. 1977 साली फेरिड मुराद यांनी दाखवलं, की अशा औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि तो रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल करतो. 1980 साली रॉबर्ट फर्चगॉट यांना आढळलं, की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर स्वतःच असा एक सैल करणारा पदार्थ सोडतं. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे 1986 साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी मांडलं. धुरातला एक वायू माणसाच्या शरीरात निरोप्याचं काम करतो, हे तेव्हा ऐकायलाही चमत्कारिक वाटत होतं. या तिघांना 1998 चं पारितोषिक मिळालं. कुठलं? नोबेलच.

आता कर्करोगाकडे येऊ. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींच्या घराण्यातल्या काही भक्षक पेशी असतात. जंतू दिसला, की त्या याच वायूचा मारा करतात. कर्करोगाच्या पेशींवरही त्यांचं हे हत्यार चालतं, असं 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसून आलं. मोठ्या मात्रेत हा वायू पेशीच्या जनुकीय धाग्याला इजा करतो, तिची ऊर्जेची भट्टी बंद पाडतो आणि तिला मरणाच्या वाटेला लावतो. हे वाचल्यावर मलाही वाटलं, चला, मिळालं औषध! पण पुढचं पान उलटलं आणि थबकलो. हाच वायू थोड्या मात्रेत मिळाला, तर गाठ उलट पोसली जाते. तो नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतो, आणि गाठीला रक्त हवंच असतं. अनेक गाठी तर स्वतःपुरता थोडा थोडा वायू स्वतःच तयार करतात. म्हणजे हा वायू मित्र की शत्रू, हे मात्रेवर, जागेवर आणि वेळेवर ठरतं.

बरं, मात्रा सांभाळायची तरी कशी? हा वायू शरीरात काही सेकंदच टिकतो, आणि रक्तात तर त्याहून कमी, कारण तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन त्याला क्षणात गिळून टाकतं. शिरेतून सोडावा तर गाठीपर्यंत पोचत नाही. सगळ्या शरीरभर त्याची मात्रा वाढवावी, तर रक्तदाब कोसळतो. म्हणूनच आधीच सांगून ठेवतो, हे वाचून कुणी हृदयविकाराच्या गोळ्या कर्करोगासाठी खाऊ नयेत.

साधा उपाय करून पाहिला गेला नाही असं नाही. 2006 साली जपानी डॉक्टरांनी फुप्फुसाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या 120 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना नुसती केमोथेरपी, निम्म्यांना केमोथेरपीबरोबर अंगावर चिकटवायची नायट्रोग्लिसरीनची पट्टी. पट्टीवाल्यांपैकी 72 टक्क्यांच्या गाठींनी उपचाराला दाद दिली, इतरांपैकी 42 टक्क्यांच्या. केवढा फरक! पट्टी तर स्वस्त आणि ओळखीची. पण ऑस्ट्रेलियात याहून मोठी चाचणी घेतली गेली, तिचे निष्कर्ष 2015 साली आले, आणि त्यात पट्टीचा काही फायदा दिसला नाही. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. वर्तमानपत्रात पहिली बातमी मोठी येते. दुसरी आली तरी कोपऱ्यात येते. आपाच्या हातातलं कात्रण पाहताना मला सारखी ही ऑस्ट्रेलियातली चाचणी आठवत होती.

पट्टीतलं औषध अंगभर पसरतं, गाठीला किती मिळालं याचा हिशेब राहत नाही. म्हणून मग विचार पुढे आला तो डबीत घालून पाठवण्याचा. ही डबी म्हणजेच नॅनोकण. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण साधारण शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे. डोक्याच्या केसाच्या जाडीत असे सात-आठशे कण ओळीनं बसतील. वायू काही डबीत कोंडून ठेवता येत नाही, म्हणून तो दुसऱ्या एखाद्या रेणूच्या खांद्यावर बसवतात. त्यातला एक आवडता रेणू म्हणजे ग्लुटाथायोन, जो आपल्या पेशी स्वतःच बनवतात. त्याला नायट्रिक ऑक्साइड जोडला, की तो सावकाश, दमादमानं सुटतो. दुसरे काही वाहक असे आहेत, की आम्लता वाढली की ते ओझं भराभर टाकतात. आणि गाठीच्या आतलं वातावरण नेमकं थोडं आम्लच असतं.

पण मला सगळ्यांत भावला तो या डब्यांचा स्वभाव. काम झालं की त्यांनी विरघळून जायचं. जैवविघटनशील असा भारदस्त शब्द आहे त्याला. सोन्याचेही नॅनोकण करतात, पण सोनं कुजत नाही म्हणून तर ते सोनं; शरीरात गेलं की यकृतात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतं. त्यापेक्षा विरघळणारी द्रव्यं बरी. त्यातलं एक तुम्हा-आम्हाला माहीत आहे, फक्त नाव माहीत नाही. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरणारे टाके घालतात ना? ते ज्या जातीच्या धाग्याचे असतात, त्याच जातीचं प्लास्टिक या कणांसाठी वापरतात. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक या दोन आम्लांची ती साखळी. लॅक्टिक आम्ल दह्यात असतं, ग्लायकोलिक आम्ल उसात. पाणी लागेल तशी साखळीची कडी कडी सुटते आणि शेवटी उरतात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.

दुसरं द्रव्य कायटोसान. ते कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. आमच्या कोकणात कोळंबी सोलून झाली, की टरफलांचा ढीग माडाच्या बुंध्याशी जातो. त्यातून औषधाची डबी होईल असं आमच्या घरातल्या बायकांना सांगितलं असतं, तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. या कायटोसानचे तुकडे करण्याचं काम शरीरात लायसोझाइम नावाचं एक विकर करतं. ते आपल्या लाळेत असतं आणि अश्रूंतही असतं. कवी माणूस इथे जरा रेंगाळणारच! पण पुढे जाऊ.

कात्रणातली बातमी कुठल्या प्रयोगाची होती, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. त्या जातीचा एक प्रयोग मला सापडला. 2019 साली तैवानच्या नॅशनल त्सिंग हुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी तो 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी टाक्यांच्या जातीच्या त्याच प्लास्टिकचे कण केले, त्यात नायट्रिक ऑक्साइड सावकाश सोडणारं लोहाचं एक संयुग भरलं आणि यकृताचा कर्करोग असलेल्या उंदरांना दिले. इथे गोष्ट आणखी गुंतते. त्यांनी गाठ जाळायला मोठी मात्रा वापरली नाही, मुद्दाम थोडी वापरली. कारण असं, की गाठीतल्या रक्तवाहिन्या एखाद्या बेकायदा वस्तीतल्या नळांसारख्या असतात. वेड्यावाकड्या, जागोजाग गळणाऱ्या, कुठे पूर तर कुठे थेंब नाही. अशा नळांतून केमोथेरपीचं औषध गाठीच्या पोटात पोचणार कसं? हे नळ तोडण्याऐवजी आधी सरळ करावेत, हा विचार 2001 साली राकेश जैन यांनी मांडला. ते कानपूरच्या आयआयटीत शिकलेले आणि हार्वर्डमध्ये संशोधन करणारे. थोड्या पण सतत मिळणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडनं हे नळ सरळ होतात, आणि मग नेहमीचं औषध अधिक पोचतं, असं तैवानच्या उंदरांत दिसलं. म्हणजे थोडी मात्रा सदैव घातकच असंही नाही. ती कुठे, कशी आणि किती वेळ मिळते, यावर सगळं आहे.

मग अडलंय कुठे? पहिली अडचण प्रवासाची. टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटानं 2016 साली दहा वर्षांतले असे सगळे प्रयोग तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत किती पोचतात? मधला आकडा निघाला 0.7 टक्के. शंभरात एकही नाही! बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात. दुसरी अडचण उंदराची. उंदरात लावलेली गाठ काही आठवड्यांत वाढते. माणसाची गाठ वर्षानुवर्षं मुरलेली असते, तिची रचना वेगळी. तिसरी अडचण साठवणुकीची: उष्णतेनं, उजेडानं यातले काही वाहक आपलं ओझं वाटेतच टाकतात. कर्करोगावर नॅनोकणांतून दिली जाणारी औषधं आज वापरात आहेत. पहिलं 1995 साली अमेरिकेत मान्य झालं. पण कर्करोगासाठी नायट्रिक ऑक्साइड वाहून नेणारा एकही कण आजवर दवाखान्यात पोचलेला नाही.

हे सगळं आपाला सांगायचं, तर सुरुवात कुठून करावी, हे मला कळेना. शेवटी अब्बांच्या गोळीपासून केली. नोबेलची गोष्ट ऐकून ती हसली. 0.7 टक्के ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी नाही हे."

"तुझ्या आत्ताच्या उपचारात नाही," मी म्हटलं.

"आणि उंदीर? ते बरे झाले?"

"त्यांच्या गाठी कमी वाढल्या."

"त्यांचे केस गळतात का रे?" तिनं डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं. हे मी कुठे वाचलं नव्हतं, तसं सांगितलं. कात्रण परत मागून घेतलं तिनं. मला वाटलं, फाडून टाकणार. तर तिनं ते रिपोर्टांच्या फायलीत नीट ठेवलं आणि विचारलं, सोमवारी केमोला जाताना पहाटेची गाडी धरायची की आदल्या रात्रीची.