गाठीचा तुकडा आणि पहिला तास

स्तनाच्या कर्करोगात हर-टू तपासणीचा निकाल नागपूर-मुंबईच्या प्रयोगशाळेत ठरतो, असं आपण समजतो. माझ्या मते तो बराचसा वणी, पुसद किंवा यवतमाळच्या शस्त्रक्रियागृहातच ठरून गेलेला असतो. हर-टू हा वाढीचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या रिसेप्टरांच्या कुळातला. शंभरातल्या १५ ते २० रुग्णांच्या गाठीत त्याचं जनुक अनेकपट होतं, पेशीच्या आवरणावर त्याची दाटी होते आणि पेशी आवरेनाशी वाढते. १९८७ मध्ये कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लेमन यांनी दाखवलं की असा आजार लवकर उलटतो. १९९८ मध्ये त्याच रिसेप्टरला अडवणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

तपासणीत गाठीचा तीन-चार मायक्रॉनचा काप काचपट्टीवर घेऊन रंगवतात. दहा टक्क्यांहून जास्त कर्कपेशींभोवती गडद तपकिरी, अखंड कडं दिसलं तर तीन प्लस, म्हणजे पॉझिटिव्ह. कडं फिकट असेल तर दोन प्लस, आणि मग जनुकाची वेगळी, महाग चाचणी. पण तुकडा काढल्यावर तो तासाभरात, त्याच्या आकारमानाच्या दहापट, बफर केलेल्या फॉर्मेलिनमध्ये बुडायला हवा. आत ६ तासांपेक्षा कमी नको आणि ७२ तासांपेक्षा जास्त नको. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो सलाइनमध्ये पडून राहिला तर पेशी कुजू लागतात. शनिवारी काढलेला तुकडा बुधवारी पोचला, तरी पंचाईतच. एकदा बिघडलेला नमुना पुढचं कुठलंही यंत्र दुरुस्त करत नाही.

कापूस वेचणाऱ्या बाईला ते औषध परवडणार आहे का, मग तपासणी कशाला, असं विचारलं जातं. प्रश्न खराच आहे. पण २०१४ पासून भारतीय बनावटीचं ट्रास्टुझुमॅब बाजारात आहे, आणि २०१५ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या व भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. शिवाय अचूक ‘निगेटिव्ह’ही मोलाचा: हृदयाला त्रास देऊ शकणारं, उपयोग नसलेलं औषध त्यामुळे टळतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बायका मुळात उशिरा येतात, आधी तिकडे पाहा. जरूर पाहावं. मात्र आजार पसरल्यावरही हे औषध आयुष्य वाढवतं, म्हणजे उशिरा आलेलीलाही खरा अहवाल हवाच. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात फॉर्मेलिनची भरलेली बाटली हवी, आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर दोन वेळा लिहिण्याची सक्ती: तुकडा काढला कधी, बुडवला कधी.