बारावीनंतर विद्यापीठ निवडताना फीसोबत तिथलं वातावरणही पाहा

यवतमाळ : बारावीचा निकाल लागला की गावात एकच प्रश्न, ‘पोरगं कुठं टाकायचं?’ मग फी किती, गाडीभाडं किती, याचा हिशोब होतो. पण तिथं राहणं-शिकणं कसं असतं, हे कोणी विचारत नाही. अन् बरीच पोरं अभ्यासानं नाही, तर तिथं करमलं नाही म्हणून वर्षभरात परत येतात. वर्ष जातं, पैसाही जातो. म्हणून आपल्या जिल्ह्यातली पोरं जिथं जातात, त्या ठिकाणांतला फरक समजून घ्या.

अमरावती : संत गाडगे बाबा विद्यापीठ 1983 मध्ये सुरू झालं. आपला जिल्हा याच विद्यापीठात येतो. पुसद, वणी, दारव्ह्याच्या कॉलेजात शिकलं तरी पदवी याचीच. भाषा आपली, माणसं ओळखीची, सुटीत वावरात हातभार लावता येतो. पण घर जवळ म्हणून कॉलेज फक्त परीक्षेपुरतं उरण्याचा धोकाही इथंच जास्त.

वर्धा : महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ हे केंद्रीय विद्यापीठ. वसतिगृह आवारातच. वर्गात, मेसमध्ये हिंदी चालते. उत्तर भारतातली पोरं बरीच. वादविवाद, नाटक, वाचन यांची आवड असेल तर लेकरू इथं खुलतं. लाजाळू पोराला पहिले काही महिने जड जातात.

अकोला : डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 चं. प्रवेश सीईटीवर, अभ्यासक्रम चार वर्षांचा. प्रात्यक्षिकं भरपूर, हजेरी सक्तीची. शेवटच्या वर्षी खेड्यात शेतकऱ्यांसोबत काम करावं लागतं. आपल्या पोरांना ते नवं नाही, पण पुस्तकं इंग्रजीत असतात, त्याची तयारी ठेवा.

पुणे : शिकायला भरपूर, स्पर्धा परीक्षेचं वातावरणही. पण कॉलेजचं वसतिगृह सगळ्यांना मिळत नाही. मग खोली अन् मेसचा खर्च फीपेक्षा जड होतो.

उमरखेडवाल्यांना अमरावतीपेक्षा नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ जवळ पडतं. तेही पाहून घ्या.

पैशाचं काय?

ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी 2024 पासून माफ आहे. राहण्या-जेवणाचा खर्च त्यात नाही. शासकीय वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी अनुसूचित जातींना स्वाधार, आदिवासींना स्वयम् आणि ओबीसी-भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अटी समाजकल्याण किंवा संबंधित कार्यालयात विचारा. उत्पन्नाचा अन् जातीचा दाखला आताच काढून ठेवा.

फॉर्म भरण्याआधी एवढं करा

– पोराला घेऊन एक दिवस तिथं जा, तोही कॉलेज सुरू असताना.
– शिकणाऱ्या पोरांना विचारा : तास रोज होतात का? मास्तर भेटतात का? मेसचं जेवण कसं?
– मुलीसाठी वसतिगृहाची वेळ, रेक्टर आणि रात्री बसस्टँडवरून येण्याची सोय पाहा.
– रॅगिंग झालं तर तक्रार कोणाकडे करायची, त्याचा नंबर लिहून आणा.
– आपल्या तालुक्यातलं कोणी तिथं आहे का, ते शोधा.

शेवटी पोराला बाजूला घेऊन विचारा, ‘तुला इथं राहावंसं वाटते का?’ तीन-चार वर्षं त्यालाच काढायची आहेत. शेजारच्याचा पोरगा पुण्याला गेला, एवढ्यावरून आपला पाठवू नका अन् भीतीपोटी घरीही ठेवू नका.