गोठ्यातले जुने चाक

दिवेलागणीच्या आधी आमच्या गावात एक आवाज सुरू व्हायचा. खर्रर्र, खच्च. खर्रर्र, खच्च. एका गोठ्यात सुरू झाला की शेजारच्या गोठ्यातून त्याला जोड मिळायची. वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांचे बालपण बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी भागात गेले, त्यांना हा आवाज कसला ते सांगायला नको. कडबाकुट्टीच्या यंत्राचा!

माझे माहेर हुक्केरी तालुक्यातले. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि गोठ्यात दोन्ही. आजोबा ज्याला कडबा म्हणत, त्याला गोकाकच्या बाजूची आमची आजी ‘कणकी’ म्हणायची. आजोबांची वैरण म्हणजे तिचा ‘मेवु’. म्हशींना दोन्ही भाषा कळत. आजोबांनी संकेश्वरच्या बाजारातून हे यंत्र जुनेच विकत आणले होते. ओतीव लोखंडाचे भले मोठे चाक, त्याला दोन बाकदार पाती, चाक फिरवायला लाकडी मूठ आणि वैरण सारण्यासाठी लांब पेटी. पेटीच्या तोंडाशी दोन दातेरी रूळ. चाक फिरले की रूळ वैरण आत ओढत आणि पाती तिचे बारीक तुकडे करत. चाकावरची बनवणाऱ्याची अक्षरे झिजून गेली होती, पण यंत्र कधी अडले नाही. पात्यांना धार लोहाराकडे, वंगण घरच्याच तेलाचे. बस्स, एवढाच त्याचा खर्च.

अख्खा कडबा टाकला की जनावर पाला ओरबाडते आणि निबर ताट पायाखाली तुडवते. कुट्टी केली की ताटही पोटात जाते. वैरण विकत घ्यावी लागणाऱ्या घरात या यंत्राची किंमत काय, ते दुष्काळ पाहिलेल्यांनाच ठाऊक. आम्हा मुलांना मात्र त्याचे वेगळेच आकर्षण होते. दोघांनी मिळून मूठ धरायची आणि चाकाला वेग आला की हात सोडून ते आपोआप फिरताना बघत राहायचे. ताज्या मक्याच्या कुट्टीचा गोड वास अजून नाकात आहे.

वैरण सारताना आजीचे एकच पालुपद असे, “कै हुशार!” कानडीत कै म्हणजे हात. हात सांभाळ. मराठी शाळेत जाणारी आम्ही मुले हसायचो, कारण आमच्या वाचनात ‘कै.’ यायचे ते कैलासवासी माणसाच्या नावाआधी. आजी म्हणायची, “हसा! यंत्रात कै घातला की नावाआधी कै. लागायला किती वेळ लागतो!”

बेळगावशी जुने नाते

या यंत्राचे आपल्या बेळगावशी जुने नाते आहे. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्यांच्या कारखान्यातून सुरुवातीला बाहेर पडलेल्या वस्तूंत कडबा कापण्याचे यंत्र होते, मग लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी त्या नांगराला हात लावायला तयार नव्हते. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, औंधच्या राजांनी जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून जाताना हा इतिहास किती जणांच्या मनात येत असेल?

हे सांगायचे कारण एवढेच की, ही जुनी यंत्रे अडाण्यांची खटपट नव्हती. विचार करून बनवलेली होती. पण तो विचार माणसाच्या हाताचा वेग धरून केलेला होता. चाक फिरवणारा एक आणि वैरण सारणारा दुसरा, दोघे समोरासमोर. सारणारा “आई गं” म्हणाला की फिरवणारा थांबणार. धोका तेव्हाही होताच, पण त्या यंत्राला डोळे होते. ते फिरवणाऱ्या माणसाचे होते.

मोटर आली, डोळे गेले

१९९४ मध्ये आमच्याकडे दोनच्या सहा म्हशी झाल्या. डेअरीला दूध जाऊ लागले. एवढी वैरण हाताने कोण कापणार? काकांनी चाकाला पट्टा जोडून मोटर बसवली. पट्टा चढवायला अडचण होते म्हणून चाकावरचे पत्र्याचे झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवले. ते पुढे कोंबड्यांच्या खुराड्याला गेले. गावात सगळ्यांनी असेच केले, आम्ही काही वेगळे केले नाही.

आज मी साधा हिशेब मांडून बघते. हाताने चाक मिनिटाला ४० फेरे फिरले, तर दोन पात्यांचे ८० घाव होतात. प्रत्येक घावाला वैरण २ सेंटीमीटर पुढे सरकते असे धरले, तर रूळ सेकंदाला पावणेतीन सेंटीमीटरही ओढत नाहीत. मोटरने तेच चाक मिनिटाला २५० फेरे फिरू लागले, तर घाव ५०० आणि ओढ सेकंदाला साडेसोळा सेंटीमीटरच्या वर. बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत अंतर साधारण १८ सेंटीमीटर. म्हणजे रुळाने बोटाचे टोक पकडल्यापासून मनगट आत जायला सेकंदाहून थोडासाच जास्त वेळ. आणि मोटरचे बटण कुठे? समोरच्या भिंतीवर, चार पावलांवर! बटण दाबले तरी जड चाक लगेच थांबत नाही, ते वेगळेच.

दुसरी गोष्ट चाकाची. वेग सहापट झाला की चाकावरचा आणि पात्यांच्या बोल्टांवरचा ताण छत्तीसपट होतो. ओतीव लोखंड वाकत नाही, ते तडकते. चाळीस-पन्नास वर्षांच्या चाकाला कुठे बारीक चीर असेल, कधीकाळी वेल्डिंग करून सांधलेले असेल, तर हाताच्या वेगात ते निभावून जाते. मोटरच्या वेगात निभावेलच असे नाही.

ती संध्याकाळ

१९९६ चा माघ महिना. उसाची तोड चालू होती, त्यामुळे घरात वाड्याचे भारे पडले होते. वाडे ओले, बुळबुळीत. रुळात नीट धरत नाही, गुंडाळते, अडकते. दिवसभर करंट नव्हता, तो आला संध्याकाळी सातला. म्हशी ओरडत होत्या. काकांनी घाईने यंत्र चालू केले. शेवटची मूठ अडकली म्हणून त्यांनी ती हाताने आत दाबली.

पुढचे मी सविस्तर लिहीत नाही. उजव्या हाताची तीन बोटे गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. आजीने हळदीचा डबाच हातावर रिकामा केला. शेजारच्यांच्या जीपमधून बेळगावला पोहोचायला रात्रीचे दहा वाजले. डॉक्टरांनी जखम बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, “बोटं आणलीत का?”

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. बोटे कुट्टीच्या ढिगात होती. ती शोधून आणायची असतात हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते. जोडता आली असती की नाही, कोण जाणे. पण तो प्रश्न आमच्या घरात आजही कुणी विसरलेले नाही. आजी तर त्यानंतर “कै हुशार” म्हणायचीच बंद झाली.

थांबलेल्या चाकाचा धोका

तुम्ही म्हणाल, मोटर काढून टाकली की झाले. तसे नाही. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या खेड्यांत शेतीच्या अवजारांनी होणाऱ्या जखमांचा अभ्यास केला होता. चाराकुट्टीच्या यंत्राने जखमी होणाऱ्यांत खेळणारी लहान मुलेही असतात, हे त्यातून पुढे आले. एक चाक फिरवतो, दुसरा दातेरी चाकांत किंवा पात्यापाशी बोट घालतो. आम्ही तेच तर करत होतो! त्यांनी सुचवलेले उपाय अगदी साधे होते. काम नसताना चाक फिरू नये म्हणून त्याला खीळ, पात्यांवर आडोसा, आणि रुळांच्या आधी एक जादा रूळ, जो हाताला लागताच माणूस सावध होईल.

१९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांसाठी कायदाही केला. त्या काळी मळणी यंत्रांत पंजाब-हरियाणाकडे अनेकांचे हात जात होते, त्यातून तो आला. कायदा चांगलाच आहे, पण आपल्या गोठ्यातले आजोबांच्या वेळचे यंत्र तपासायला कोण येणार? ते आपल्यालाच तपासायला हवे. आणि हा पुरुषांचाच विषय आहे असे समजू नका. कित्येक घरांत वैरण बायकाच सारतात. बांगड्या, पदर, ओढणी, मोकळी वेणी, यांतले काहीही रुळाला पुरते.

घरात जुने यंत्र असेल तर

• चाकावर आणि पट्ट्यावर जाळी किंवा पत्रा हवाच. गावातला वेल्डर अर्ध्या दिवसात करून देतो.
• वैरणीच्या पेटीवर रुळांपासून हातभर अंतरापर्यंत झाकण बसवा, म्हणजे हात रुळापर्यंत पोहोचणारच नाही. अडकलेली वैरण लाकडी दांड्यानेच ढकला.
• बटण वैरण सारणाऱ्याच्या हाताशी हवे. करंट जाऊन परत आला तरी आपोआप चालू न होणारा स्टार्टर बसवा. करंट गेला म्हणून रूळ साफ करायला बसलेल्याचा हात करंट येताच जातो.
• साफसफाई करताना नुसते बटण बंद करून भागत नाही, पट्टाही उतरवा.
• चाकाला चीर असेल किंवा ते सांधलेले असेल, तर त्याला मोटर लावू नका. पात्यांचे बोल्ट रोज बघा.
• काम संपले की चाकात साखळी घालून कुलूप लावा. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका.
• झोपेत, अंधारात किंवा पिऊन यंत्रापाशी जाऊ नका.

आणि न घडो, पण घडलेच तर? आधी करंट तोडा. अडकलेला हात ओढू नका, वरच्या रुळाच्या स्प्रिंगचे नट सैल करून रूळ उचला. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. हळद, चुना, चहापत्ती काही लावू नका. तुटलेले बोट शोधा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, ते खराब होते. मग १०८ ला फोन करा. हा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच आहे.

काकांची अट

काकांनी त्यानंतर नवे, झाकणाचे यंत्र घेतले. जुने गोठ्याच्या कोपऱ्यात पडून होते. गेल्या दिवाळीत हायवेवर हुरड्याचे हॉटेल काढलेले एक गृहस्थ आले. अशा जुन्या वस्तूंना हल्ली भाव आहे. ते म्हणाले, “अंगणात ठेवतो. मुलं चाक फिरवतील, फोटो काढतील.” भाव भंगारवाल्याच्या तिप्पट. माझा भाऊ लगेच तयार झाला.

काका काही न बोलता आत गेले आणि पाना घेऊन आले. अंगठा आणि करंगळीत पाना धरून, डाव्या हाताचा जोर लावून, त्यांनी दोन्ही पाती सोडवली. अर्धा तास लागला. आम्ही मदतीला पुढे झालो तर म्हणाले, “राहू दे.” मग त्या गृहस्थांना म्हणाले, “पाती मिळणार नाहीत. दातेरी चाकं झाकायची आणि मोठ्या चाकाला कुलूप लावायचं. एवढं कबूल असेल तर पैसे नकोत, फुकट न्या. नाहीतर इथंच राहू दे.” गृहस्थांना थोडे वाईट वाटले, पण काकांचा हात समोर होता. कबूल झाले.

गेल्या महिन्यात आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. त्या हॉटेलापाशी काकांनी गाडी थांबवायला लावली. मला वाटले, चहासाठी. ते सरळ अंगणात गेले. यंत्राला लाल-पिवळा रंग दिला होता, भोवती झेंडूच्या कुंड्या होत्या आणि दोन मुले चाकाला लोंबकळत होती. काकांनी साखळी ओढून बघितली. घट्ट होती. मुलांपैकी एकाने विचारले, “अज्जा, हे फिरत का नाही?”

“फिरायचं ते फिरून झालंय, बाळा,” काका म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. चहा आम्ही पुढे निपाणीला घेतला.

तुमच्या गोठ्यात, माळ्यावर, परसात असे चाक असेल तर ते विकण्याआधी, कुणाला देण्याआधी, निदान आज संध्याकाळी वैरण कापण्याआधी एकदा त्याच्याकडे नीट बघा. झाकण कुठे गेले ते आठवा. आमचे खुराड्यावर सापडले होते.