विश्लेषण : मे महिन्याचे वीजबिल नेमके कोण वाढवते? घरच्या घरी तपासणी कशी करावी?

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या पट्ट्यात, मार्च संपता संपता माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. घाटावर बुलढाणा-चिखलीकडे थोडे उशिरा. मग जूनमध्ये बिल हाती पडते आणि घरात चौकशी सुरू होते : बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला? टीव्ही किती वेळ चालला? बहुतेक घरांत ही चौकशी चुकीच्या आरोपीची होते.

घराची ऊर्जा तपासणी म्हणजे काय?

कोणते उपकरण किती वीज खाते, ती का खाते आणि कुठे खर्च केला तर पैसे परत मिळतात, याचा हिशेब म्हणजे तपासणी. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्याखालील ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो (बीईई) मार्च 2002 पासून काम करतो. या कायद्याने मोठ्या उद्योगांना प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाकडून तपासणी बंधनकारक केली. घरांना तसे बंधन नाही, आणि 250 युनिट वापरणाऱ्या घरासाठी तज्ज्ञ बोलावणे परवडणारही नाही. त्याची गरजही नाही. बिल, मीटर, मोबाइलमधले घड्याळ आणि कागद-पेन एवढे पुरते.

सुरुवात बिलापासून का?

महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो, ॲपवरही दिसतो. त्यातला फेब्रुवारी आणि मे शेजारी ठेवावा. समजा, खामगावातील चार माणसांच्या घराचा वापर फेब्रुवारीत 110 आणि मेमध्ये 250 युनिट आहे. मधले 140 युनिट उन्हाळ्याचे. दोन्ही रीडिंगमधले दिवस मात्र मोजून घ्यावेत. एक बिल 28 दिवसांचे आणि दुसरे 33 दिवसांचे असेल तर तुलना फसते.

दुसरी गोष्ट दराची. घरगुती दराचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे आहेत. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्या टप्प्यातला वीज आकार दुपटीहून अधिक आहे. त्यावर वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. पहिले 100 युनिट सर्वांनाच स्वस्त पडतात. महाग असतात ते शेवटचे युनिट. बचत केली की कमी होतात तेही हेच शेवटचे, म्हणून 250 युनिटच्या घरात वाचलेल्या 60 युनिटची किंमत सरासरी दरापेक्षा जास्त असते. 80 युनिट वापरणाऱ्या घरात तेच उपाय निम्मेच पैसे वाचवतात. शेजाऱ्याने केले म्हणून आपणही करावे, हे इथे चालत नाही.

मेमधले 250 युनिट कुठे जातात?

1000 वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. या हिशेबाने वरचे घर उलगडून पाहू. जुने तीन पंखे, प्रत्येकी 75 वॅट, रोज 15 तास : महिन्याला सुमारे 101 युनिट. 200 वॅटचा कूलर 12 तास : 72. फ्रिज रोज एक युनिट : 30. गच्चीवर पाणी चढवणारी एक एचपीची मोटर, रोज अर्धा तास : 15. टीव्ही 9. टीव्ही बंद केला तरी चोवीस तास चालू राहणारा सेट-टॉप बॉक्स 7. इस्त्री, मिक्सर वगैरे 8. आणि ज्यावरून घरात भांडण होते ते 9 वॅटचे पाच एलईडी दिवे, रोज सहा तास : 8 युनिट.

दिव्यांची लढाई देशाने आधीच जिंकली आहे. जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. लक्ष द्यायचे ते आता डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे.

बीएलडीसी मोटरचा पंखा साधारण 30 वॅटवर चालतो. दिवसाला 15 तास फिरणारा पंखा बदलला तर महिन्याला 20 युनिट वाचतात. युनिटला 10 रुपये धरले तर 200 रुपये. वर्षातून सहा महिने असा वापर असेल आणि पंखा 3000 रुपयांना मिळाला, तर अडीच वर्षांत पैसे वसूल. पण पाहुण्यांच्या खोलीतला, दिवसाला दोन तास फिरणारा पंखा बदलून महिन्याला तीन युनिटही वाचत नाहीत. तिथे जुनाच राहू द्यावा. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल बंधनकारक आहे, त्यामुळे दुकानात तुलना सोपी झाली आहे. लेबलवरचा कालावधीही वाचावा. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या मालावरचे पाच तारे आजचे पाच नसतात.

मीटरचा लाल दिवा काय सांगतो?

स्थानिक बनावटीच्या टिनाच्या कूलरवर तारे नसतात, अनेकदा वॅटही लिहिलेले नसतात. तिथे मीटर कामी येतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच 1600 किंवा 3200 असा आकडा छापलेला असतो. एका युनिटला दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. कूलर बंद असताना एक मिनिट मोजावे, मग कूलर लावून पुन्हा एक मिनिट. जितकी वाढ झाली तिला 60,000 ने गुणून छापील आकड्याने भागले की वॅट मिळतात. मीटर 3200 चा असेल आणि 11 ची वाढ झाली, तर कूलर सुमारे 206 वॅटचा. मोजताना फ्रिजचा कॉम्प्रेसर मध्येच चालू होऊ नये, म्हणून फ्रिज तेवढ्यापुरता बंद ठेवावा.

फ्रिजचे मात्र मिनिटात कळत नाही. घर एक-दोन दिवस लग्नाला गावी जाणार असेल तेव्हा बाकी सर्व बंद करून, कुलूप लावताना आणि उघडताना रीडिंग लिहावे. जो फरक येईल तो फ्रिजचा. सगळे बंद, फ्रिजचीही पिन काढलेली, तरी दिवा लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये गळती असू शकते किंवा आपल्या लाइनवरून दुसरीकडे वीज जात असू शकते. तेव्हा वायरमनला बोलवावे.

खिडकी उघडी की बंद?

अमेरिकेत 1976 पासून सरकारी योजनेतून गरीब कुटुंबांची घरे तपासून दुरुस्त केली जातात. तिथले मोठे काम म्हणजे फटी बुजवणे, कारण थंडीत तापवलेली हवा निसटते. तोच सल्ला इकडे कूलरच्या खोलीला लावला तर उलटे होते. कूलरची दमट हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी लागते. खोली बंद केली की चिकचिक वाढते आणि पंखा पाचवर जातो. एसीच्या खोलीला मात्र दारे-खिडक्या बंद हव्यात. एकाच खोलीत दोन्ही लावणे म्हणजे कूलरने आणलेली ओल एसीने पैसे देऊन काढणे. ताट्यांवर क्षार साचून त्या कडक झाल्या असतील तर मोटर तेवढीच वीज खाते, गारवा मात्र येत नाही. ताट्या बदलण्याचा खर्च नव्या कूलरपुढे किरकोळ आहे.

याहून मोठा दोषी डोक्यावर असतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. टिनाचे छप्पर तर दुपारीच भट्टी होते. मातीच्या धाब्याच्या घरांत ही अडचण कमी होती. गच्चीला उन्हाळ्यापूर्वी पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तर ऊन परावर्तित होऊन खालची खोली काही अंशांनी थंड राहते. चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी लावावा लागतो. उष्णतारोधक रंग महाग, पण काही वर्षे टिकतो. पंखा-कूलरचे तास कमी होतात ते इथून, आणि वॅटच्या यादीत हे कुठेच दिसत नाही.

सौर पॅनल आधी की नंतर?

पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट व त्यापुढे कमाल 78 हजार रुपये अनुदान मिळते. 1 किलोवॅटमधून महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट मिळतात. वरच्या घराला मेच्या वापरानुसार दोन किलोवॅटहून थोडे जास्त लागेल. तिन्ही पंखे बदलले तर वापर 190 वर येतो आणि दोन किलोवॅट पुरतात. म्हणून विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी यादी करावी. तो बहुधा जुनेच बिल पाहून पॅनलचा आकार सांगतो.

तपासणीला योग्य वेळ फेब्रुवारीची. कूलर माळ्यावर असतानाच एका आठवड्याचे रीडिंग वहीत लिहून ठेवले, तर एप्रिलमध्ये तुलना करायला आकडा हाताशी राहतो.