घोड्याचें वाहतें नाक

आमच्या नाटे गावीं गुरें घरोघर आहेत; घोडें मात्र क्वचितच दृष्टीस पडतें. तें येतें तें बहुधा लग्नसराईंत, वरातीकरितां भाड्यानें. गेल्या वैशाखांत शेजारच्या मांडवांत अशीच एक घोडी आली. तिच्या नाकपुडींतून पिवळट, चिकट स्राव येत होता, आणि पोरें तिचें तोंड कुरवाळीत होतीं. मालक म्हणाला, "काका, साधें पडसें आहे." शुभकार्यांत विघ्न नको म्हणून आम्ही घटकाभर गप्प बसलों. तें मौन चुकीचें होतें, म्हणून हा लेख.

अशा स्रावाच्या मुळाशीं दोन निरनिराळे जंतुजन्य रोग असूं शकतात. पहिला स्ट्रँगल्स. यांत ताप येतो. जबड्याखालच्या गांठी सुजून पिकतात व फुटतात. विश्रांति, मऊ चारा व योग्य उपचार मिळाल्यास बहुतेक जनावरें बरीं होतात. दुसरा ग्लँडर्स. याचा जंतु लोफ्लर व शुट्झ यांनीं १८८२ सालीं शोधिला. यांत नाकाच्या आंत व्रण पडतात, फुप्फुसांत गांठी होतात. कित्येकदां जनावर धडधाकट दिसूनही रोग पसरवीत असतें. यावर लस नाहीं. बाधित जनावरास वेदनारहित मरण द्यावें लागतें. हा रोग माणसासही होतो व जिवावर बेततो. २००६ सालीं तो आपल्या महाराष्ट्रांत पुन्हां उद्भवला होता.

नुसत्या नजरेनें या दोहोंचा निवाडा होत नाहीं. त्यास प्रयोगशाळेंतील तपासणीच लागते. म्हणून वाहतें नाक दिसतांच जनावर वेगळें बांधावें. त्याची बादली, तोबरा व खरारा दुसऱ्या जनावरास वापरूं नये. हातास जखम असल्यास त्यास शिवूं नये.

आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला, तेव्हां कायद्याचेंही सांगतों. या रोगासाठीं १८९९ सालीं स्वतंत्र कायदा झाला. त्याची जागा २००९ च्या केंद्रीय कायद्यानें घेतली. त्यानुसार मालकानें गांवच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस वर्दी द्यावयाची असते.

आम्हीं हें सांगतांच मालकानें विचारिलें, "घोडी गेली तर पोरांनीं खावें काय ?" त्याचें भय खोटें नव्हतें. सरकारी योजनेंत भरपाईची तरतूद आहे. पण पोसलेल्या जनावराचें मोल रुपयांत पुरतें होत नाहीं. तरीही वर्दी गेली. नवरदेव मांडवापर्यंत पायीं गेला. तपासणींत ग्लँडर्स निघाला नाहीं, व घोडी महिन्याभरांत बरी झाली.

निकाल उलट आला असता, तर त्या पोरांच्या आयांस आम्हीं काय सांगितलें असतें ?